सीतादहीवरचं कुटार

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की प्रियंकानं लपवलं. कुटार माझ्याच मशीनचं होतं. वारा कुठल्या बाजूचा आहे ते मी पाहिलं होतं आणि कुटार कुठं जाऊन पडणार तेही मला ठाऊक होतं. एवढं कबूल केल्यावर लोकांना वाटतं, संपलं, आता उरलं काय? उरलं एवढंच की मी ते मुद्दाम केलं नाही. या एका गोष्टीसाठी मी अख्ख्या गावाशी भांडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

आमचं गाव महागावपासून नऊ किलोमीटरवर आहे. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घरी मी, सासू मथुराबाई, दीर राजदीप आणि आमचा हडंबा. हडंबा म्हणजे सोयाबीन काढायचं थ्रेशर. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, एका बाजूनं कापलेलं सोयाबीन घालायचं, खालून दाणे पडतात आणि दुसऱ्या बाजूच्या तोंडातून कुटार, म्हणजे शेंगा-काड्यांचा भुसा, वीस-पंचवीस हात लांब फेकला जातो. बाई ट्रॅक्टर चालवते म्हणून पहिल्या वर्षी गाव हसलं. दुसऱ्या वर्षी गाव नंबर लावायला लागलं. आभाळात ढग दिसले की हसणारी माणसं फार लवकर सुधारतात.

आमचं सगळं काम दिवाळीच्या आगेमागे वीस-पंचवीस दिवसांचं. सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, होऊन गंज्या लागलेल्या असतात, परतीचा पाऊस डोक्यावर असतो. नेमका त्याच दिवसांत कापूस फुटतो. एका वावरात भुसा उडतोय आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, उघडा पांढरा कापूस, असं सगळीकडे असतं. कापसात कुटार घुसलं की चिमटीनं वेचून काढावं लागतं, आणि तरी पूर्ण निघत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळतं.

त्या मंगळवारी तांड्यावरच्या प्रेमसिंगचं सोयाबीन लावलं होतं. त्यानं गंजी रचली होती धुऱ्याला खेटून. धुऱ्यापलीकडे रामरावांचं कापसाचं वावर, आणि तिथं त्यांची बायको बेबीताई सीतादही करत होती. पहिल्या वेच्याच्या दिवशी बायका कापसाच्या वावरात पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, सूत गुंडाळतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बोंडाला हात लावतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरी सीतादही नसतं. पण आईसोबत वेचायला जायची तेव्हा तो दहीभात मी पोटभर खाल्ला आहे. त्याची चव मला कोणी शिकवायची गरज नाही.

अर्धी गंजी निघाली आणि पुसदकडून आभाळ भरून आलं. वाराही सुटला, सरळ रामरावांच्या वावराकडे.

"वहिनी, कुटार तिकडं जाऊन राह्यलं," राजदीप ओरडला. "बेबीकाकूचं सीतादही हाय ना तिथं!"

मी पाहिलं. चाळीस पावलांवर बेबीताई आणि चार-पाच बायका बसल्या होत्या. मशीन फिरवायची तर बंद करा, शाफ्ट काढा, ट्रॅक्टर गंजीला वळसा घालून पलीकडे न्या, पुन्हा जोडा. पाऊण तास गेला असता. शिवाय तोंड वाऱ्यासमोर आलं असतं आणि सगळं कुटार मजुरांच्या डोळ्यांत. आणि पाऊस अर्ध्या तासावर होता.

"उडू दे!" मी म्हणाले. "कुटार कुठं जाते ते पाहाले मी नाही आली. तू गंजी पाह्य!"

ओरडूनच म्हणाले. चालू हडंब्याजवळ कोणी कानात बोलत नाही. बेबीताईला ते शब्द न् शब्द ऐकू गेले.

त्यानंतर वाऱ्याचा एक झोत आला आणि कुटार थेट त्या बायकांवर गेलं. दहीभात, खडे, कुंकू, सगळं एका घटकेत मातकट झालं. बेबीताई तोंडावर पदर घेऊन उभी राहिली आणि हात हलवून ओरडायला लागली. मी ते पाहिलं आणि मशीन बंद केली नाही. पाऊस आला तेव्हा प्रेमसिंगची सगळी पोती ताडपत्रीखाली होती. रामरावांच्या धुऱ्याकडच्या आठ-दहा ओळींत मात्र कुटार ओल्या कापसाला चिकटून बसलं.

संध्याकाळच्या चहापर्यंत गावाचा निकाल लागला होता. प्रियंकानं मुद्दाम केलं. कोणी म्हणालं, "ह्याइले देवाधर्माचं काय घेणंदेणं?" कोणी म्हणालं, मागच्या साली रामरावनं दुसरा हडंबा बोलावला होता, त्याचा डूख धरला. गंमत बघा, त्यांनी दुसरा हडंबा बोलावला होता हे मी विसरूनही गेले होते. लोकांनी आठवण करून दिली तेव्हा मला नव्यानं राग आला. माझ्या मनात काय होतं ते गावाला माझ्याआधी कळलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीपला घेऊन मी रामरावांच्या घरी गेले. म्हणाले, "नुकसान माह्या मशीननं केलं. तुमचा कापूस आम्ही दोघं साफ करून देतो. बेबीताई, तुमचं सीतादही खराब झालं, मले वाईट वाटते."

बेबीताई आत निघून गेली. रामराव ओसरीवरून म्हणाले, "कापूस तं साफ कराच लागन. पण आधी मुद्दाम केलं हे मान्य कर."

"ते कसं मान्य करू? नाही केलं."

"मंग तंटामुक्तीत बोल."

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत तंटामुक्ती समिती बसली. अध्यक्ष संजय, रामरावांचाच पुतण्या, पण गावात सगळेच कोणाचे तरी पुतणे असतात, त्याचं मला काही नाही. त्यानं वहीत माझा माफीनामा आधीच लिहून ठेवला होता. मला फक्त सही करायची होती. मी वाचला. 'मी जाणूनबुजून रामराव यांच्या वावरातील सीतादहीवर कुटार उडवून पूजेचा अपमान केला. मला माफ करावे.'

"सही कर," संजय म्हणाला. "गावात मिटून जाईन. नाही तं मामला ठाण्यात जाईन, आन् गाव यंदा बाहेरचा हडंबा बोलावन."

"माफी मागतो मी. हा 'जाणूनबुजून' काढ, आता सही करतो."

"तेच तं मेन हाय!"

शेजारी बसलेल्या सासूनं माझा हात दाबला. "कर वो सही. शब्दानं का आंगाले भोकं पडतात?"

"ह्या शब्दानं पडतात, आई."

बेबीताई समोरच बसली होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राजदीपनं हिले सांगतलं. ही म्हणाली उडू दे. मी माह्या कानानं ऐकलं."

"बराबर हाय," मी म्हणाले. "म्हणाली मी. माहीत बी होतं मले."

खोलीत एकदम चुळबुळ झाली. चोर सापडला की होते तशी. संजयनं पेन माझ्यापुढे सरकवलं. "मंग आता राह्यलं काय?"

आता माझं डोकं तापलं. "राह्यलं हे," मी म्हणाले. "मागच्या साली उकंडाभाऊच्या वावरात मशीन लावली होती. तवा बी पाऊस होता, तवा बी वारा होता. राजदीप तवा बी म्हणाला, वहिनी, कुटार लालीबाईच्या पडीतात चाललं. मी काय म्हणाली होती? सांग रे राजदीप."

"उडू दे म्हणाली होती," राजदीप म्हणाला. "कुटार कुठं जाते ते पाहाले मी नाही आली."

"शब्द तेच. बाई तीच. मशीन तीच. त्या कुटारावर लालीबाईच्या बकऱ्यांनी उन्हाळा काढला. मंग लिही ना वहीत, प्रियंकानं जाणूनबुजून लालीबाईच्या बकऱ्या जगवल्या. सत्कार करा माहा, नारळ द्या!"

काही जण हसले. संजय नाही हसला. "ते वेगळं हाय."

"काहून वेगळं?"

"ते आपसूक झालं. तू का तिच्यासाठी थोडीच केलं होतं?"

"नव्हतं केलं. मंग हे बी बेबीताईसाठी नव्हतं केलं. दोन्ही वेळा माह्या डोळ्यापुढं गंजी होती आन् ढग होता. चांगलं झालं तं वारा, वाईट झालं तं प्रियंका. हा कुठला न्याय हाय, सांग मले!"

लालीबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी ती उठली. "ते खरं हाय," ती म्हणाली. "ते कुटार हिनं माह्यासाठी नव्हतं टाकलं. ही म्हणे, एक दिवस दूध पाज. मी म्हटलं, कायले पाजू? वाऱ्यानं आणून टाकलं, वाऱ्याले पाजन." सगळे हसले. मग ती म्हणाली, "आन् हे बी..." आणि रामरावांकडे पाहून खाली बसली. उद्यापासून तिला त्यांच्याच वावरात वेचायला जायचं होतं. मी तिला दोष देत नाही. देते थोडा.

मग मी वही ओढली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'कुटार माझ्या मशीनचं. ते उडणार हे मला माहीत होतं. सीतादही खराब झालं याचं मला वाईट वाटतं. मुद्दाम केलं नाही.' सही केली, तारीख टाकली आणि घरी आले. नंतर राजदीपनं सांगितलं की संजयनं माझ्या सहीखाली लिहिलं, 'जाणूनबुजून केल्याचे सभेत सिद्ध झाले.' ठाण्यात तो दिवाळीनंतर जाणार होता.

गावानं शब्द पाळला. नंबर लावलेल्यांचे फोन बंद झाले. उमरखेडकडून कोणाचा तरी हडंबा आला. तांडा आणि आमची वस्ती यांनी मला सोडलं नाही, पण त्यांचं काम तीन दिवसांत संपलं. मग मशीन दारात उभी, आणि ऐन हंगामात मी तिच्याकडे बघत बसलेली. सासू रोज सकाळी एकदा सहीचं बोलायची, आणि मी रोज भाकरी जाळायची.

त्या रिकाम्या दिवसांत मी स्वतःलाही उलटंपालटं करून पाहिलं. खरंच मनात कुठं थोडी मजा वाटली होती का? रामरावांच्या बायकोच्या ताटात कुटार पडतंय, पडू दे, असं? खूप शोधलं. सापडली ती बेपर्वाई. बेपर्वाई म्हणा, मी सही करते. उद्धट म्हणा, दोन सह्या करते. मशीन पाच मिनिटं थांबवून हाक मारायला हवी होती, "बेबीताई, ताट उचला" एवढं म्हणायला हवं होतं, ती चूक माझीच. पण जे माझ्या मनातच नव्हतं ते माझ्या सहीनं माझ्या मनात घालून घ्यायचं? एकदा ते वहीत बसलं की पुढं वस्तीतल्या कोणाची म्हैस कोणाच्या तुरीत गेली तरी ती मुद्दामच गेलेली असणार.

सभेनंतर नवव्या-दहाव्या दिवशी, शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला बेबीताई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. एकटीच, पायी आलेली, घामानं भिजलेली. मी ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून बोल्ट आवळत होते. तिच्यामागं आभाळ काळं झालेलं दिसत होतं.

"बाहेरचा हडंबा बिघडला," ती म्हणाली. "बेअरिंग गेली त्याची. आमची गंजी अर्धी उघडी पडली हाय. येतं का नाही, तेवढं सांग."

ना पाया पडली, ना रडली. तशी ती पडणारी बाई नाहीच. रामराव आले नव्हते, त्यांनी बायकोला पाठवलं होतं.

खरं सांगते, त्या घटकेला मला फार गोड वाटलं. चावी माझ्या कमरेला होती. 'नाही' हा शब्द अगदी ओठावर आला होता. काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं, बाकी पावसानं केलं असतं. मग माझ्या ध्यानात आलं की हे मात्र खरोखरच मुद्दाम झालं असतं. बेबीताईचं नुकसान व्हावं म्हणून, समजून उमजून, पहिल्यांदाच. संजयनं वहीत जे खोटं लिहिलं होतं ते मी स्वतः जाऊन खरं करून दिलं असतं. तेवढं मी त्याला देणार नव्हते.

"राजदीप," मी हाक मारली, "ताडपत्री घे."

आम्ही गेलो. या वेळी मी आधी वावरात उतरून वारा पाहिला. मशीन लावण्याआधी चारी बाजूंना कोण बसलंय, काय उघडं पडलंय ते पाहिलं आणि दोन बायकांना हाक मारून उठवलं. ढगाला म्हटलं, थांब लेका दहा मिनिटं. मग लागलो. रामराव स्वतः पेंढ्या उचलून देत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. लालीबाई पोती धरत होती. थोड्या वेळानं संजयही मोटारसायकलवर आला आणि काकाची गंजी भिजू नये म्हणून बाह्या वर करून कामाला लागला. शेवटची पेंढी आत गेली आणि टपोरे थेंब सुरू झाले. ताडपत्रीची चार टोकं चौघांनी ओढली. एक दाणा भिजला नाही.

बेबीताईनं चहा आणला. पहिला पेला मला दिला. तिचे डोळे भरून आले होते.

"मी तुले एवढं बोलली," ती म्हणाली, "अन् तू माह्यासाठी आली. लय मोठं मन हाय बाई तुहं."

रामरावांनीही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हो, मन मोठं हाय पोरीचं," ते म्हणाले. "जाऊ द्या आता झालं गेलं."

इथं मी नुसती मान डोलावली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. सोमवारपासून मशीन पुन्हा फिरली असती. राजदीप माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की वहिनी, आता तोंड उघडू नको. पण ज्यांनी माझ्या मनात नसलेलं पाप वहीत लिहिलं, ते आता मनात नसलेलं पुण्यही माझ्या नावावर लिहायला निघाले होते. मला ते सहन होईना.

"नाही बेबीताई," मी म्हणाले. "तुमच्यासाठी नाही आली. मी आली नसती तं संजयनं माह्या नावावर जे लिहिलं ते खरं झालं असतं, म्हून आली. तुमचं सोयाबीन वाचलं ते बरं झालं. पण त्याच्यासाठी मी ट्रॅक्टर चालू नाही केला."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. रामरावांचा चेहरा पडला. संजय म्हणाला, "पाह्य, पाह्यली का घमंड! चांगलं म्हटलं तरी खपत नाही हिले."

"तू थांब," बेबीताई त्याला म्हणाली. ती माझ्याकडे एकटक बघत होती, रागानं नव्हे. "हो म्हटली असती तं तुह्याच फायद्याचं होतं," ती म्हणाली.

"होतं."

"सोमवारपासून काम भेटलं असतं."

"भेटलं असतं."

बेबीताईनं पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं. मग ती रामरावांकडे वळली, आणि तिचा आवाज असा चढला की धुऱ्यावर थांबलेल्या बायकाही वळून बघायला लागल्या.

"फुकटचं पुण्य देऊन राह्यलो तं ते घेत नाही ही बाई. मंग पापाचं खोटं कायले बोलन? मुद्दाम नाही केलं म्हणते, तं नाही केलं. नैवेद्य माहा होता, तुमचा नव्हता. संजय, उद्या वही घेऊन ये. तुह्या हातानं लिहिलं ते तुह्याच हातानं खोड, माह्यासमोर."

"काकू, पण सभेत ठरलं..."

"माह्या ताटात कुटार पडलं तवा सभा जेवाले बसली होती का?"

रामराव काहीतरी बोलणार होते, पण बेबीताईनं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला आणि त्यांनी तो प्यायला सुरुवात केली. लालीबाई तोंडात पदर कोंबून हसत होती.

मग बेबीताई पुन्हा माझ्याकडे वळली. आता मात्र तिचा चेहरा चांगलाच कडक झाला होता.

"आन् तू. कापसात अजून कुटार तसंच हाय. बेपर्वाई तं केलीच ना तू?"

"केली," मी म्हणाले.

"मंग उद्या सात वाजता येजो वेचाले. राजदीपले बी आणजो. अन् दुपारची भाकर आपल्या घरूनच आणजो, मी नाही देणार."

"आणतो," मी म्हणाले आणि भर पावसात ट्रॅक्टर सुरू केला.